समाजकार्य-शिक्षणातील सेवाग्राहींचा सहभाग

ज्यांनी समाजकार्याची सेवा स्वतः घेतली आहे किंवा जे घरी आजारी अथवा अपंग आप्ताचा सांभाळ करतात, अशा व्यक्तींनी भावी समाजकार्यकर्त्यांची निवड, अध्यापन, मूल्यमापन व अभ्यासक्रमाची आखणी यांत भाग घेण्याची पद्धती. मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्ती, संस्थेत वाढलेले तरुण, मुलांचा ताबा गमावलेले आईबाप इत्यादींचा सेवाग्राहींत समावेश होतो.

मूल आईबापांजवळ ठेवावे की नाही, यासंबंधीच्या न्यायालयीन निर्णयात समाजकार्यकर्त्याच्या अहवालाला मोठे वजन असते. हा अधिकार ज्यांच्या आयुष्यावर चालतो, त्यांना तो कसा जाणवतो, हे केवळ ग्रंथांतून कळत नाही. म्हणून सेवाग्राहीचा अनुभव हाही ज्ञानाचा एक प्रकार आहे, असे या पद्धतीत मानतात.

या विचाराची एक प्रमुख प्रेरणा ब्रिटनमधील अपंगांची चळवळ ही होय. ‘यूनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ या १९७२ साली उदयास आलेल्या संघटनेने १९७६ मध्ये अशी भूमिका मांडली, की माणसाला परावलंबी करते ती शारीरिक उणीव नव्हे, तर समाजाने उभे केलेले अडथळे. माइक ऑलिव्हर (१९४५–२०१९) या स्वतः अपंग असलेल्या समाजशास्त्रज्ञाने सोशल वर्क विथ डिसेबल्ड पीपल (१९८३) या ग्रंथात ही भूमिका समाजकार्यास लागू केली.

इंग्लंडमध्ये २००३ साली पदविकेच्या जागी पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. त्यासाठी आरोग्य खात्याने २००२ मध्ये घातलेल्या अटींनुसार सेवाग्राहींचा सहभाग सर्व विद्यापीठांना बंधनकारक झाला. २०१९ पासून नियमनाचे काम पाहणाऱ्या ‘सोशल वर्क इंग्लंड’ या संस्थेनेही ही अट कायम ठेवली. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात २००५ पासून निराळा प्रयोग झाला. तेथे विद्यार्थी व सेवाग्राही एकाच वर्गात शिकतात आणि मिळून प्रकल्प आखतात.

प्रत्यक्षात सेवाग्राही प्रवेशाच्या मुलाखती घेतात, व्याख्याने देतात, सरावासाठी योजलेल्या मुलाखतींत विद्यार्थ्याचे बोलणे व ऐकणे पारखतात आणि क्षेत्रकार्यास तो योग्य आहे की नाही, याविषयी मत देतात.

या पद्धतीत अडचणीही आहेत. सेवाग्राहीला केवळ आपली दुःखद कहाणी सांगण्यापुरते बोलावले, तर सहभाग नाममात्र राहतो आणि जुनी जखम पुन्हा उघडी पडते. मानधन घेतल्यास शासकीय भत्त्यास कात्री लागण्याची भीती असते. तेच ते परिचित चेहरे पुन्हापुन्हा येतात, तर ज्यांच्यावर सेवा लादली गेली ते बहुधा बाहेरच राहतात. विद्यार्थी या अध्यापनाचे स्वागत करतात. मात्र पुढे त्यांच्याकडून मिळणारी सेवा त्यामुळे सुधारते काय, याचा पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. सहभागाची खरी कसोटी वर्गात किती सेवाग्राही आले ही नसून, विद्यार्थी उत्तीर्ण ठरविताना त्यांच्या मताला किती वजन मिळते ही होय.