मंद संगणक आणि वापरकर्त्याची ‘प्रोफाइल’

संगणक मंद झाला म्हणजे तो जुना झाला, असा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो आणि नव्या यंत्रासाठी मागणीपत्र लिहावयास घेतो. पुष्कळदा तो निष्कर्ष बरोबरही असतो. परंतु एकाच यंत्रावर एकाचे काम रखडत चालते आणि दुसऱ्याचे सुरळीत होते, हा अनुभव ज्यांना आला असेल त्यांच्या ध्यानी येईल की, मंदगतीचे मूळ कधी कधी यंत्रात नसून त्या त्या वापरकर्त्याच्या ‘प्रोफाइल’मध्ये असते. ती नव्याने घडविणे हा उपाय कठीण नाही. मात्र तो अविचाराने योजल्यास भाषाभ्यासकाची अनेक वर्षांची कमाई त्याबरोबर नाहीशी होते. प्रस्तुत लेखकाने ती एकदा स्वहस्ते नाहीशी केलेली असल्यामुळे हे टिपण लिहिणे त्याला प्राप्त आहे. विवेचन विंडोज या प्रणालीपुरते आहे.

वापरकर्ता प्रथमच संगणकात प्रवेश करतो तेव्हा विंडोज ‘डिफॉल्ट’ नावाच्या मूळ प्रोफाइलची एक प्रत काढून त्याच्या नावे ठेवते. विंडोज व्हिस्टा २००७ साली बाजारात आले तेव्हापासून ही प्रत ‘यूजर्स’ या फोल्डरात असते. एक्सपीमध्ये तिचे स्थान ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हे होते. तीत दोन प्रकारची सामग्री असते. पहिली दिसणारी : लेख, चित्रे, ध्वनिमुद्रणे. दुसरी सहसा न दिसणारी : ‘ॲपडेटा’ हा लपविलेला फोल्डर आणि ‘एनटीयूजर डॉट डॅट’ ही फाइल. कोणता कळफलक वापरावयाचा, प्रवेश करताच कोणते प्रोग्राम सुरू व्हावयाचे, पडदा कसा मांडावयाचा, अशा सवयींची नोंद या दुसऱ्या भागात साठत जाते. सदर फाइल म्हणजे रजिस्ट्रीचा, अर्थात विंडोजच्या मध्यवर्ती नोंदवहीचा, त्या व्यक्तीपुरता भाग होय. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रणाली ही सर्वांची समाईक भाषा आणि प्रोफाइल ही एकेकाची व्यक्तिबोली. उपमा फार ताणू नये. व्यक्तिबोली बिघडत नाही, प्रोफाइल बिघडते.

बिघाडाची कारणे साधी असतात. काढून टाकलेल्या प्रोग्रामांचे अवशेष मागे राहतात. प्रवेशाबरोबर सुरू होणाऱ्यांची रांग लांबत जाते. नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर फाइल सदोष होते. ज्या प्रयोगशाळेत प्रोफाइल मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवून प्रत्येक प्रवेशाच्या वेळी यंत्रावर उतरविण्याची व्यवस्था असते, तेथे तिचा आकार वाढणे हेच विलंबाचे पुरेसे कारण ठरते.

तेव्हा पहिला प्रश्न निदानाचा. ‘पाट’ आणि ‘पाठ’ या जोडीत बाकी सर्व समान ठेवून एकच ध्वनी बदलला असता अर्थ बदलतो, म्हणून त्या ध्वनिभेदाला मराठीत मूल्य आहे असे आपण म्हणतो. येथेही तीच रीत योजावी. यंत्र तेच, प्रणाली तीच, आणि केवळ खाते नवे. व्यवस्थापकाच्या अधिकाराने एक परीक्षार्थ खाते उघडावे व तेच काम दोन्ही खात्यांतून करून पाहावे. नव्या खात्यातही विलंब तेवढाच असेल तर प्रोफाइल निर्दोष समजून डिस्क व स्मृती यांकडे वळावे. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्याने जो फरक पडतो तो कोणतीही प्रोफाइल बदलून पडणार नाही. नवे खाते मात्र जलद चालले, तर संशय प्रोफाइलवर येतो.

या परीक्षेत दोन फसगती संभवतात. नव्या खात्याचा पहिला प्रवेश नेहमीच संथ असतो, कारण प्रोफाइल त्याच वेळी तयार होत असते. म्हणून दुसऱ्या प्रवेशापासूनचा वेळ मोजावा. उलटपक्षी, नव्या खात्यात स्वयमेव सुरू होणारे प्रोग्राम कमी असल्याने ते उगाचच चपळ भासते. यास्तव जुन्या खात्यात टास्क मॅनेजरमधून असे प्रोग्राम आधी बंद करावेत आणि मगच तुलना करावी. कित्येकदा प्रकरण येथेच मिटते.

ते न मिटल्यास प्रोफाइल बदलावी लागते, आणि भाषाभ्यासकाने थांबून विचार करावयाचे स्थळ हेच. प्रस्तुत लेखकाने आपले लेख व ध्वनिमुद्रणे काळजीपूर्वक दुसरीकडे नेली, जुनी प्रोफाइल पुसली, आणि संगणक खरोखरच जलद झाल्याचे समाधान दोन दिवस उपभोगले. तिसऱ्या दिवशी बोलीविषयक एक मसुदा उघडला तो पानभर तांबड्या रेघांनी भरलेला. ‘हा शब्द कोशात घाला’ असे वर्डला सांगून वर्षानुवर्षे जमविलेले बोलीतील शब्द ज्या फाइलीत होते, ती ‘कस्टम डॉट डिक’ ही फाइल ॲपडेटामधील ‘रोमिंग’, त्यातील ‘मायक्रोसॉफ्ट’ व त्यातील ‘यूप्रूफ’ या फोल्डरात असते. ती साधी मजकुराची फाइल आहे. एका ओळीत एक शब्द. उचलून नेण्यास क्षणभर पुरला असता. तिला शब्दसंग्रह म्हणून कधी पाहिलेच नव्हते, हे खरे कारण.

अशा आणखी काही वस्तू आहेत. स्वयंदुरुस्तीच्या याद्या रोमिंगमधीलच ‘मायक्रोसॉफ्ट’च्या ‘ऑफिस’ फोल्डरात असतात. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत एकट्या वापरकर्त्यासाठी बसविलेले टंक प्रोफाइलमध्येच राहतात. ध्वनिलेखनाचे टंक नाहीसे झाले की जुन्या लेखांची मांडणी बिघडते. प्राटमध्ये आपण जोडलेल्या स्क्रिप्टांची बटणे आणि एलानच्या पसंती यांचीही तीच गत. याउलट फील्डवर्क्सचे कोशप्रकल्प विंडोजवर सामान्यतः ‘प्रोग्रामडेटा’ या समाईक फोल्डरात असल्यामुळे प्रोफाइल गेली तरी ते वाचतात. तेव्हा काय कोठे आहे हे गृहीत न धरता पाहावे.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात अशी. प्रथम जुन्या प्रोफाइलची संपूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग दुसऱ्या व्यवस्थापक खात्यातून, प्रणालीच्या प्रगत गुणधर्मांतील ‘यूजर प्रोफाइल्स’ या ठिकाणी जाऊन जुनी प्रोफाइल काढावी. नुसता फोल्डर पुसू नये. रजिस्ट्रीतील त्याची नोंद मागे राहते आणि विंडोज बहुधा तात्पुरती प्रोफाइल देते, जीत साठविलेले सर्व बाहेर पडताच नष्ट होते. योग्य रीतीने काढल्यास त्याच नावाने पुन्हा प्रवेश करता कोरी प्रोफाइल मिळते. तीत लेख आणि वर सांगितलेल्या फाइली एकेक करून आणाव्यात. संपूर्ण ॲपडेटा किंवा एनटीयूजर डॉट डॅट परत आणणे म्हणजे रोगच परत आणणे. ‘रीसेट धिस पीसी’ ही सोय याहून सर्वस्वी वेगळी असून तीत विंडोजच नव्याने बसते व आपण बसविलेले प्रोग्राम जातात. केवळ प्रोफाइलसाठी तिच्या वाटेस जाऊ नये.

मंदपणा केवळ ब्राउझरपुरता असेल तर एवढाही खटाटोप नको. फायरफॉक्समध्ये प्रोफाइल ताजी करण्याची सोय अंगचीच आहे. जोडलेली एक्स्टेन्शने आणि बदललेल्या पसंती ती टाकून देते, वाचनखुणा व पासवर्ड राखते, आणि जुनी सामग्री डेस्कटॉपवर वेगळ्या फोल्डरात ठेवते. राखावयाच्या वस्तूंच्या यादीत तिच्या कर्त्यांनी वापरकर्त्याचा वैयक्तिक शब्दकोशही घातला आहे.