तालवाद्याचा सूर आणि गाण्याची पट्टी

गाण्याची पट्टी बदलली की तालवाद्यही तिच्यात लावावे लागते का, या प्रश्नाचे उत्तर सर्व वाद्यांना सारखे नसून, थाप पडल्यावर निघणाऱ्या नादात कानाला ठाम स्वर सापडतो की नाही यावर ते अवलंबून असते. कुर्ल्यासारख्या उपनगरात भजनी मंडळांचा पखवाज, बँजो पार्टीचे ड्रम आणि मिरवणुकीतले ढोल-ताशे एकाच गणेशोत्सवात ऐकू येतात, त्यामुळे तेथील श्रोत्याला हा भेद सहज पारखता येतो.

ताणलेले साधे कातडे एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते, आणि वरच्या कंपनांची वारंवारता, म्हणजे सेकंदातील आंदोलनांची संख्या, मूळ कंपनाच्या १.५९, २.१४, २.३० अशा अपूर्णांकी पटींत असल्यामुळे नाद जोरकस असूनही त्याचा सूर विस्कटलेला राहतो. तबला, पखवाज आणि ढोलकी यांच्या पुडीवरची शाई, म्हणजे लोहचूर्ण आणि भाताची खळ यांचा थरांवर थर घोटून बसवलेला काळा लेप, मध्यभागाचे वजन वाढवून या पटी जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा पूर्णांकांत आणतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातून आणि १९३४ मधील विस्तृत निबंधातून हे दाखवून दिले. कारागिरांच्या कानाने मात्र ते त्याआधी कितीतरी काळ ओळखलेले होते, आणि ही गोष्ट भारतीय वाद्यविद्येचे मोठेपण सांगणारी आहे.

सूर ठाम झाला की तो गाण्याशी जुळवणेही अपरिहार्य होते. दायाँ, म्हणजे तबल्याच्या जोडीतले उजव्या हाताचे वाद्य, बहुधा गायकाच्या षड्जात आणि क्वचित पंचमात किंवा मध्यमात लावतात. परंतु मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागात पंचमात लावलेला तबला रागाच्या स्वरूपालाच बाधा आणतो. हातोडीने पुडीच्या कडेचा गजरा ठोकून थोडा आणि वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे सरकवून अधिक फरक करता येतो, तरीही पेटीच्या काळी एक पट्टीसाठी बनवलेला तबला काळी पाचपर्यंत ओढला तर पुडी फाटण्याचा धोका असतो, म्हणून उंच स्वरासाठी लहान तोंडाचा आणि खालच्या स्वरासाठी मोठ्या तोंडाचा तबला वेगळा बाळगतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून खर्ज साधतात आणि उजवे तोंड पेटीच्या पट्टीशी मिळवतात, त्यामुळे भजन गाणाऱ्या बुवांनी रात्रभर शक्यतो एकच पट्टी धरणे वादकाच्या सोयीचे ठरते. मैफलीआधीच्या या ठोकाठोकीकडे काही श्रोते वेळकाढूपणा म्हणून पाहतात. ते वादकावर अन्याय करणारे आहे.

ढोल-ताशाला अशी शाई नसते. पावसाळी दमट हवेत सैल पडलेले ताशाचे कातडे शेकून ताणतात ते खणखणीत आवाजासाठी, एखाद्या स्वरासाठी नव्हे. ड्रमसेटचेही बरेचसे असेच आहे: त्यातील टॉम एकमेकांपासून योग्य अंतरावर लावलेले असले की पुरे, कारण त्यांचा नाद लवकर विरतो आणि प्रत्येक गाण्यागणिक सगळी पाने पुन्हा ताणणे व्यासपीठावर शक्यही नसते. मात्र ध्वनिमुद्रणात मोठ्या ड्रमची आस, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा नाद, लांब ठेवली तर तो बास गिटारच्या स्वराशी भांडू लागतो आणि तेथे स्वर जुळवावा लागतो. बँजो पार्टीतल्या ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर तर शाईच्या ढोलकीचाच मुद्रित नाद वाजतो, तेव्हा बँजोची पट्टी बदलल्यावर यंत्रातील त्या नादाचीही पट्टी बदलून घेणे आवश्यक असते. तसे न केल्यास ताल अचूक असूनही गाणे बेसूर वाटते.