महाजालावरील विद्या आणि आपला सीमाभाग

प्रस्तुत विषय धान्याच्या व्यापाऱ्याने हाताळण्याजोगा नाही, असे काही सभासद बंधूंस वाटेल. परंतु ज्यांची नातवंडे शिकत आहेत, आणि ज्यांच्या वखारीतील हमालांचीही मुले शिकत आहेत, त्यांना तो टाळता येणार नाही.

पूर्वी आपल्या भागात विद्येसाठी गाव सोडावे लागे. १८९९ साली निपाणीनजीक स्तवनिधी येथे दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली व पुढे तिने ठिकठिकाणी वसतिगृहे उभारली, ती याच कारणास्तव. १९६० साली अर्जुननगर येथे देवचंद महाविद्यालय निघाले, तेव्हा निपाणीकरांच्या दाराशी पदवीचे शिक्षण आले. दार महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात, ही मौज आपल्याच भागातली!

आता विद्याच घरी येऊ पाहत आहे. ज्यास मुले 'वेब' म्हणतात, त्या महाजालाची कल्पना टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत मांडली. १९९३ साली त्या संस्थेने ती सर्वांस विनामूल्य खुली केली. तिची रीत आपल्या धंद्याहून अगदी वेगळी आहे. शाळूचे एक पोते विकले की वखारीत एक पोते कमी होते. येथे धडा 'सर्व्हर' नावाच्या यंत्रात साठविलेला असतो. फोनवरून मागणी गेली की त्याची नक्कल येते आणि मूळ माल जागच्या जागी राहतो. म्हणजे खर्च मुख्यतः धडा तयार करण्याचा. तो दहा जणांस दिला काय आणि दहा हजारांस दिला काय, प्रत्येक नव्या नकलेचा खर्च अगदी अल्प.

प्राथमिक शाळेत हे कसे उतरते, ते सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी दाखविले. गल्ल्याजवळ पैसे घेण्यासाठी आपण जो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद चिकटवितो, तसाच संकेत त्यांनी पाठ्यपुस्तकात छापला. फोन त्यावर धरताच कविता ऐकू येते, धडा दिसू लागतो. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'दीक्षा' या व्यवस्थेतही पुस्तकांवरील अशाच संकेतांचा उपयोग होतो.

येथे सीमाभागातील पालकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. बेळगाव-निपाणीकडील सरकारी मराठी शाळांत पाठ्यपुस्तके कर्नाटक राज्याची असतात. बालभारतीची पुस्तके महाराष्ट्राची. भाषा एक, अभ्यासक्रम दोन. मराठी दिसले म्हणून कोणताही धडा मुलापुढे ठेवल्यास परीक्षेच्या वेळी घोटाळा होतो. तेव्हा प्रथम राज्य, मग माध्यम, मग इयत्ता, या क्रमाने निवड करावी. अवांतर वाचनास मात्र बालभारतीची पुस्तके उत्तम, व ती महाजालावर फुकट मिळतात.

उच्च शिक्षणाचा साठा मोठा आहे. आयआयटी संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून 'एनपीटीईएल' या योजनेतून व्याख्याने खुली केली. २०१७ साली 'स्वयम्' निघाले. तेथे शिकणे फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेस शुल्क. २०२१ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून घेण्यास महाविद्यालयास परवानगी देता येते. अडचण भाषेची. यातील पुष्कळ शिक्षण इंग्रजीत असल्यामुळे मराठी शाळेतला हुशार मुलगाही पहिल्याच व्याख्यानात गांगरतो.

या दृष्टीने मुंबईच्या आयआयटीची 'स्पोकन ट्युटोरियल' ही योजना मला अधिक उपयोगी वाटते. सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ, तेही अनेक भारतीय भाषांत! संगणकावर रोजमेळ व मालाचा हिशेब मांडण्यासाठी ज्या आकडेपत्रकाची गरज असते, ते मराठीतून शिकता येते. आपल्या दिवाणजींनीही ते पाहावे. त्यांस वयाची अट नाही.

तथापि नक्कल पोहोचली म्हणजे विद्या पोहोचली, असे नव्हे. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा हा फरक उघड झाला. हमालाच्या घरी फोन एकच, आणि तो घेऊन बाप पहाटेच यार्डात आलेला. कर्नाटक सरकारला त्या वर्षी 'विद्यागम' योजना काढून शिक्षकांनाच वस्तीवस्तीत पाठवावे लागले. पाठ कितीही सुंदर असो, शेजारी बसून 'कळले का?' असे विचारणारे माणूस लागतेच.

यास्तव सूचना अशी : यार्डातील एखाद्या गाळ्याची माडी सायंकाळी सहा ते आठ या वेळात मुलांस मोकळी करून द्यावी. एक मोठा पडदा, वीज गेली तरी चालणारी बॅटरी, आणि ज्यांस परवानगी आहे असे पाठ आधीच उतरवून ठेवलेली एक पेटी, एवढ्यावर प्रारंभ होईल. रोज महाजालाची जोडणी असलीच पाहिजे असेही नाही. खरा खर्च त्या माणसाचा. एखादे निवृत्त गुरुजी किंवा पदवीच्या वर्गातील गरजू विद्यार्थी मानधनावर नेमावा आणि ते मानधन वर्षाच्या आरंभीच बाजूस काढून ठेवावे. माडी कोणाची, एवढे येत्या सभेत ठरावे.