तापात अंथरूण का सोडवत नाही?

फ्लूचा विषाणू असतो नाकाघशात, फार तर फुप्फुसात. मग अन्नावरची वासना का उडते, कुणाशी बोलूसुद्धा नये असं का वाटतं? ही सगळी करामत सायटोकाइन्सची! रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो या प्रथिनांमार्फत: इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ वगैरे.

गंमत अशी, की मेंदूच्या रक्तवाहिन्यांची घट्ट विणलेली भिंत त्यांना सहजी आत सोडत नाही. पण निरोप पोचतोच. काही शरीरातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत, काही जिथे हा पहारा ढिला आहे अशा जागांतून. शिवाय त्या वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन ई२ बनवतात. ते मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसला गाठतं आणि ताप चढतो. (पॅरासिटामॉल हेच रसायन कमी करतं.)

आत मायक्रोग्लिया जाग्या होतात. मेंदूतल्या या राखणदार पेशी पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये वेगळ्या ओळखल्या. त्याही सायटोकाइन्स सोडू लागतात, आणि मग जेवण, बोलणं सगळंच नकोसं होतं. हा दाह चार दिवसांत शमला तर उत्तम. धुमसतच राहिला तर चेतापेशींमधले दुवे बिघडतात. अल्झायमरमध्ये अशी धुमस आढळते.

तेव्हा तापात कुणी गप्प पडून असेल, तर त्याला आळशी म्हणू नका!