आजोबा फिरायला निघाले होते

६ फेब्रुवारी २०१५ची सकाळ. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मॅडिसन गावी, मुलाच्या घराजवळील रस्त्यावर ५७ वर्षांचे एक गुजराती आजोबा पायी फिरत होते. तान्ह्या नातवाच्या देखभालीसाठी ते नुकतेच भारतातून आले होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला : कोणी सडपातळ कृष्णवर्णीय इसम संशयास्पद रीतीने हिंडत आहे. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरून त्यांना जमिनीवर आपटले. मानेच्या मणक्याला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. नातवाला सांभाळण्यास आलेल्यांनाच सांभाळण्याची वेळ घरावर आली.

राज्याच्या गव्हर्नरांनी भारतीय वकिलातीकडे दिलगिरी व्यक्त केली. सारा प्रसंग पोलिसांच्याच गाडीतील कॅमेऱ्याने टिपला होता. तरी दोन्ही वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष ठरविले. दिवाणी दाव्यात तडजोड व्हायला २०२१ साल उजाडले.

असे चित्रण पाहून मूल विचारते, ‘‘आजोबांनी काय केले होते?’’ काहीही नाही, हेच खरे उत्तर, आणि ते स्पष्ट शब्दांत द्यावे. ‘‘आपण नीट वागलो की काही होत नाही,’’ असे सांगून पालक स्वतःचीच समजूत घालतात. उद्या त्या मुलालाच कोणी अडविले, तर ते स्वतःचा दोष शोधीत बसेल. ‘‘त्यांना चुकून काळे समजले,’’ हे उत्तर तर अधिकच घातक. म्हणजे खरोखर कृष्णवर्णीय माणूस असता, तर आपटणे योग्य ठरले असते काय?

तेथील कृष्णवर्णीय आईबाप मुलांना लहानपणीच शिकवितात : पोलिसाने थांबविले तर हात दिसतील असे ठेवावेत, पळू नये, आवाज चढवू नये. हा भेकडपणा नव्हे. आधी सुखरूप घरी यावे. तक्रार, वकील, न्यायालय हे सारे नंतर. घरी आल्यावर मात्र मुलाचा संताप दाबू नये, त्याला मनसोक्त बोलू द्यावे.

आपल्याकडे काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा १८७१चा कायदा १९५२ साली संपला. तरीही पारधी समाजातील बाई दुकानात शिरली की शेठजी नोकराला डोळ्याने खूण करतात. गल्ल्याशेजारी बसलेला नातू ती खूण पाहतो. रात्री जेवताना तोही विचारील, ‘‘आजोबा, त्या बाईने काय केले होते?’’