मातीचे दागिने, मातीशिवाय

आमच्या घरी तीन पिढ्या कुंभाराचे चाक फिरते आहे. त्यामुळे मी ‘पॉलिमर क्ले’ची वडी घरी नेली तेव्हा आबांनी ती बोटांत चुरली, हुंगली आणि निकाल दिला, “पोरी, ही माती न्हवं.”

निकाल अगदी बरोबर होता. हिच्यात सहसा खरी माती नसते. असते ती पीव्हीसी, म्हणजे पाण्याच्या नळ्या ज्याच्या होतात त्या प्लास्टिकची पूड, आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य. उष्णता लागली की पूड ते द्रव्य शोषते, कण एकजीव होतात आणि वस्तू कायमची घट्ट बनते. जर्मनीत बाहुल्या करणाऱ्या केथे क्रूझे यांच्या ‘फिफी’ नावाच्या लेकीने अशी माती विकायला काढली. १९६४ साली ती एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेली व ‘फिमो’ झाली.

या मातीचा अर्धपारदर्शक प्रकार मला अधिक भावतो. त्यात रंगद्रव्य जवळजवळ नसल्याने प्रकाश आत शिरतो. कच्ची असताना मात्र ती पांढुरकीच दिसते. साबुदाणा आठवा: शिजल्यावरच काचेसारखा होतो ना, तसेच हे. सुपारीएवढ्या गोळ्यात मोहरीएवढाच रंग मळावा. हिरवा घातला तर जेड, पिवळा-तपकिरी घातला तर अंबर! रंग जास्त झाला की सगळी जादू गेली. दोन पातळ थरांमध्ये सोनेरी वर्ख ठेवला तर तो पाण्याखाली असल्यासारखा चमकतो. हात ओले नसावेत आणि मळताना हवा कोंडू नये, नाहीतर भाजल्यावर आत चंद्रकोरीसारखे डाग उमटतात.

खरी परीक्षा भाजण्यात. ‘फिमो’ला ११० अंश, ‘प्रीमो’ला १३० अंश, साधारण अर्धा तास. पाकिटावर लिहिलेलेच पाळावे. मी मैत्रिणीच्या ओव्हनचे बटण १३० वर ठेवून निर्धास्त बसले. आत उष्णता कितीतरी जास्त होती. चौदा जोड डूल चहाच्या रंगाचे झाले! ती माती मी परीक्षेच्या फॉर्मच्या पैशांतून आणली होती. फॉर्म शेवटी पणत्यांच्या पैशांतून भरला गेला. आबा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “आकडा काय बघतीस? भट्टी बघावी.” तेव्हापासून ओव्हनमध्ये वेगळा तापमापक ठेवते. उगाच घाबरवत नाही, पण फार तापल्यास पीव्हीसीतून आम्लाचा घातक धूर निघतो. खिडकी उघडी हवीच.

भाजलेले मणी गरम असतानाच बर्फाच्या पाण्यात टाकले तर अधिक नितळ होतात असे म्हणतात. मला पातळ मण्यांत फरक दिसला, जाडांत नाही. मग ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश पेपर, तोही पाण्यात बुडवून, म्हणजे धूळ नाकात जात नाही. शेवटी जुन्या जीनचा तुकडा घासावा.

या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत. मी आईचे लाटणे न विचारता घेतले होते. दुसऱ्या खेपेचे डूल विकले गेले, त्यातून आधी तिला नवे लाटणे आणले, मग आबांचे पैसे दिले.