शुश्रूषेला पगार देणारा देश

श्टुटगार्ट, जर्मनी

सोलापूरहून फोन आला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: तिकडे काय, सगळेच आईबापांना आश्रमात ठेवत असतील. नाही ठेवत. २०२३ च्या अखेरीस जर्मनीत दुसऱ्याच्या आधाराशिवाय ज्यांचा दिवस पार पडत नाही अशी सुमारे ५७ लाख माणसं होती. दर सातांपैकी सहाजण घरीच राहत होते. एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक जणांचं सगळं काही एकट्या घरच्यांनीच केलं: बायकोनं, लेकीनं, सुनेनं, कुठे मुलानं.

हे एकट्या मायेवर निभत नाही. १९९५ पासून इथे शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. त्याचा हप्ता सध्या पगाराच्या ३.६ टक्के आहे, त्यातला निम्मा वाटा मालक भरतो. वेळ आली की तपासनीस घरी येतो. आजाराच्या नावापेक्षा त्याला रोजचं जगणं महत्त्वाचं असतं. अंघोळ स्वतः होते का? सदऱ्याची बटणं लागतात का? संडासला कुणी न्यावं लागतं का? आपण कुठे आहोत, कोणता वार आहे, हे लक्षात राहतं का? स्वतःचं स्वतः उरकता येण्याला ४० टक्के वजन आणि चालण्याफिरण्याला फक्त १० टक्के. ज्यानं अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलली आहे, त्याला हे गणित लगेच पटेल.

त्यावरून एक ते पाच अशी श्रेणी ठरते. तिसऱ्या श्रेणीच्या आजीला घरचेच पाहणार असतील तर २०२५ च्या दरानं महिन्याला ५९९ युरो तिच्या हातात पडतात. ते ती बहुधा लेकीला किंवा सुनेला देते. प्रशिक्षित माणसं घरी बोलवायची असतील तर विमा १,४९७ युरोंपर्यंतचा खर्च उचलतो. दोन्हींची सांगडही घालता येते. शिवाय आठवड्यात किमान दोन दिवस मिळून दहा तास शुश्रूषा करणाऱ्या आणि बाहेर तीस तासांहून जास्त नोकरी न करणाऱ्या घरच्या माणसाच्या नावानं विमा पेन्शनचा हप्ता भरतो. माझ्या दृष्टीनं साऱ्या व्यवस्थेत हे कलम सर्वांत मोलाचं. सासूसाठी नोकरी सोडलेली सून स्वतः म्हातारी झाल्यावर पार रिकाम्या हातानं उरत नाही.

निवासाचेही प्रकार आहेत. स्वतःचा फ्लॅट, स्वतःची किल्ली, हाकेला माणूस, ही सोय पुण्याच्या ‘अथश्री’ या ज्येष्ठांसाठीच्या वसाहतींची ओळख असणाऱ्यांना परकी वाटणार नाही. पूर्ण शुश्रूषागृह मात्र महाग: पहिल्या वर्षी विम्याची रक्कम वजा जाताही महिन्याला सरासरी तीन हजार युरोंच्या आसपास खिशातून जातात. शिल्लक संपली की सरकार भार उचलतं. २०२० पासून मुलांकडे पैसे मागितले जातात ते त्यांचं वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंच्या वर असेल तरच. आपल्याकडे २००७ चा कायदा आईवडिलांच्या पोटगीसाठी मुलांना बांधतो. इथल्या कायद्यानं मुलांना बरंचसं मोकळं केलं आहे, तरी सातांतले सहा घरीच आहेत. शुश्रूषेला श्रम मानून मोबदला दिला की ती टिकते, असं मला यातून दिसतं.

या व्यवस्थेत अन्यायही आहे. पूर्व युरोपातल्या हजारो बायका जर्मन घरांत राहून म्हाताऱ्यांना सांभाळतात. बल्गेरियाच्या एका बाईच्या करारात आठवड्याचे तीस तास लिहिलेले होते. बर्लिनमधल्या नव्वदी ओलांडलेल्या आजीसाठी ती अहोरात्र तयार असे. जून २०२१ मध्ये संघीय कामगार न्यायालयानं निकाल दिला की हाकेची वाट पाहण्याच्या वेळेलाही किमान वेतन लागू आहे.

सोलापुरात जन्मभर विड्या वळलेल्या बाईची पेन्शन अनेकदा महिना हजार रुपयांच्या आसपास असते; २०१४ पासूनची किमान रक्कम तेवढीच आहे. मुलगा पुण्याला, सून शिलाईच्या कारखान्यात. अशा घरात आश्रम की घर हा प्रश्न उभाच राहत नाही. दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढण्याची तरतूद त्याच २००७ च्या कायद्यात आहे. तो हवाच. त्याहून आधी हवी घरी येणारी, शिकलेली, रीतसर पगार घेणारी मावशी.

महाराष्ट्रानं २०२४ मध्ये मी राहतो त्याच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. दहा हजार जणांची भाषा झाली, त्यांत परिचारिकाही आल्या. आपल्या मुलींनी इथे यावं, मानानं कमवावं. मला त्याचा आनंदच आहे. पण पाठीला जखम न होऊ देता रुग्णाला वळवणं, न खाणाऱ्याला धीरानं भरवणं, विसरभोळ्या आजोबांशी बोलणं, हे जिथे शिकवलं जाईल तिथल्या काही जागा अक्कलकोट, बार्शी, मोहोळच्या मुलींसाठी राखून ठेवा, आणि त्यांचा पगार शासनाच्या वृद्धांसाठीच्या निधीतून सोलापुरातच द्या.